निळ्याकडे झुकलेले चोवीस फोटो

कऱ्हाडहून मुंबईला जायला मला साडेसात तास लागले. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून सुरुवात लालबागपासूनच करतो.

जायचं कारण असं. मी जमीन मोजणीच्या कामात आहे, वय त्रेपन्न. चार वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला आणि फोनवरच्या एका हौशी फोटोवाल्यांच्या गटात शिरलो. गटात आम्ही अकरा जण, त्यातले आठ मुंबईचे. सगळ्यांत ज्येष्ठ श्रीधर परब, म्हणजे परबकाका. वय अडुसष्ट, राहणार परळ. एका कारखान्यात नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झालेले. मला फोटोतलं जे काही येतं, ते त्यांनी फोनवरून शिकवलेलं आहे. चाळीस वर्षं फोटो काढून त्यांचं पहिलं प्रदर्शन आता गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात लागणार होतं. चोवीस फोटो. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत फाइली छापायला द्यायच्या, सोमवारी भिंतीवर.

मी निघालो ते प्रदर्शन बघायला. पण बॅगेत एक वही होती आणि तिच्यात एक गोष्ट होती, जी मला काकांना सांगायची होती आणि सांगायचं धाडस नव्हतं.

आमच्या गटाची एक पद्धत आहे. दर महिन्याला एक जण आपली एक रॉ फाइल सगळ्यांना पाठवतो. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल. भाजी निवडलेली, चिरलेली, पण फोडणी न दिलेली. प्रत्येक जण ती आपापल्या घरी आपल्या पद्धतीने शिजवतो, आणि मग सगळे फोटो नाव न लावता शेजारी शेजारी ठेवले जातात. त्यानंतर प्रत्येकाने आपले आकडे सांगायचे: उजेड किती वाढवला, सावली किती उचलली, रंगाचं तापमान किती ठेवलं. या तापमानाचा आकडा कमी केला की फोटो निळा होतो, वाढवला की पिवळा. मी सवयीने हे आकडे वहीत उतरवत आलो. चौदा महिन्यांनी एकदा ते ओळीने पाहिले. बाकीच्यांचे आकडे एकमेकांच्या आसपास. काकांचा आकडा सुरुवातीला त्यांच्याहून पन्नासाने कमी, मग दोनशेने, मग सहाशेने, आणि गेल्या महिन्यात अकराशेने. दर महिन्याला काका थोडे अधिक निळ्याकडे सरकत होते. गटातले लोक त्याला काकांची शैली म्हणत होते. मला ती शैली वाटत नव्हती. काहीतरी बिघडलं होतं, आणि ते तसंच चोवीस फोटोंत छापलं जाणार होतं.

शुक्रवार, लालबाग

काका मला घ्यायला नाक्यावर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. भेटल्याबरोबर म्हणाले, "दमलात? नाही ना? मग चला, उजेड आहे तोवर मसाला गल्ली करू."

मसाला गल्लीत मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, डंकावर कुटायच्या, सगळं रस्त्याच्या कडेला. आमच्याकडे कोणाचा फोटो काढायचा म्हटला की माणूस हातातलं काम टाकतो, टोपी सरळ करतो आणि छाती काढून उभा राहतो. इथे कोणी मान वर करत नाही. डंकावरच्या माणसाने एवढंच विचारलं, "पेपरात येनार काय?" काका म्हणाले, "गिरगावात येणार." "मग चालतंय," म्हणून तो परत कुटायला लागला.

आत अंधार होता म्हणून मी कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि चौदा फोटो घेतले. चौदाही फुकट. हवेत मिरचीची पूड तरंगत होती, तिच्या प्रत्येक कणावर फ्लॅश पडून त्या माणसाच्या तोंडासमोर पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा. त्यातच मला शिंका सुरू झाल्या. अकरा मोजल्या, पुढे मोजायच्या स्थितीत नव्हतो. एक बाई धण्याचं पोतं शिवता शिवता म्हणाली, "पावन्यांना पानी द्या रे, नायतर फोटोत बी शिंकतील."

काकांनी माझा फ्लॅश काढून घेतला. डंकाच्या मागे, एका पोत्यावर, तोंड आमच्याकडे करून ठेवला आणि तो दुरून चालवायचं यंत्र आपल्या कॅमेऱ्याला लावलं. "धुरळ्याला समोरून मारलात तर ठिपके," ते म्हणाले. "मागून मारलात तर तोच धुरळा पेटतो." त्यांनी एकच फोटो घेतला आणि मला मागचा पडदा दाखवला. मुसळ वर गेलेलं, माणसाच्या खांद्याची कड उजळलेली, आणि त्याच्याभोवती लाल ढग. तोच फ्लॅश, तीच जागा, तीच मिरची. माझे चौदा आणि त्यांचा एक.

त्यामुळे माझं काम आणखी अवघड झालं. ज्याला काही येत नाही त्याला चूक सांगणं सोपं असतं. त्या संध्याकाळी आम्ही पाव किलो चिवडा घेऊन पदपथावर उभ्याने संपवला, आणि काका प्रदर्शनाबद्दल बोलत राहिले. कोणता फोटो दाराशी, कोणता खिडकीच्या उजेडात. वही बॅगेतच राहिली.

शनिवार, दादर

गट दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटतो. सकाळी दहा ते बारा. भिंतीवर मोठा टीव्ही, खाली सतरंजी, चहा खालून दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येतो. आमच्याकडे सभेला आधी खुर्च्या मोजल्या जातात आणि पहिल्या रांगेवरून रुसवेफुगवे होतात. इथे ज्याला जिथे भिंत मिळेल तिथे तो टेकतो.

त्या दिवशी नऊ जण हजर होते. त्यांतल्या दोघांचीच ओळख करून देतो. निखिल, गिरगावचा, वय बत्तीस, एका कंपनीत नोकरीला. स्क्रीनचा रंग मोजायचं यंत्र गटात फक्त त्याच्याकडे आहे. आणि हेमाताई, शीव कोळीवाड्याच्या, पंचेचाळिशीच्या. दादरच्या बाजारात मासळी विकतात आणि फोनवर रॉ काढतात. पाटीवर बसल्या बसल्या त्यांनी काढलेले गिऱ्हाइकांच्या हातांचे फोटो मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

या महिन्याची फाइल काकांची होती: हेमाताई पाटीमागे बसलेल्या, हातात भलीमोठी सुरमई. प्रदर्शनातला दाराशी लागणारा फोटो हाच. टीव्हीवर नऊ हातांनी शिजवलेले नऊ फोटो आले आणि काकांचा लगेच ओळखू आला. प्रकाशाच्या बाबतीत तो बाकी आठांच्या वर होता. मी खिडकीतून येणारा उजेड नुसता वाढवला होता. काकांनी तो हेमाताईंच्या गालावर थांबवला होता. पण सगळं निळं होतं.

निखिल म्हणाला, "हा काकांचा. काकांचा निळा, अख्ख्या मुंबईत कोणाकडे नाही."

टाळ्या पडल्या. काका खूश झाले. हेमाताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या आणि माशाच्या गालावर बोट ठेवलं.

"अवो काका, हे कल्ले बगा. जांभळे केलेत."

"मग?"

"मग काय? ही सुरमई शिळी दिसते. पहाटे बोटीवरून उतरलेली होती ती. कल्ले लालभडक होते, मी स्वतः उघडून दाखवलेले तुमाला."

निखिल हसून म्हणाला, "ताई, तो आर्टिस्टिक टोन असतो."

"ए, तू गप रे. तुझा टोन तू खा. फोटोत मी बसलीय. माझ्या पाटीवर शिळा माल दाखवून दाराशी टांगणार, आणि माझ्या बाजारातल्या बाया येणार बघायला. काय म्हणतील? हेमा असं विकते?"

काकांचा चेहरा ताठ झाला. "हेमा, तू मासे विक. रंग माझ्यावर सोड."

हेमाताईंनी पदर खोचला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेल्या. चौदा महिन्यांचे आकडे माझ्या मांडीवरच्या बॅगेत होते. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी चहाचा रिकामा कप हातात फिरवत बसलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

शनिवार दुपार, परळ

काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय अठरा फूट. एवढ्या जागेत पलंग, ओटा, देवघर, संगणक आणि चाळीस वर्षांचे फोटो, आणि तरी पाहुण्याला पाय पसरायला जागा. आमच्या घरात पाच खोल्या आहेत आणि कात्री सापडत नाही.

काकूंनी तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं, भात आणि सोलकढी केली होती. मी जेवायच्या आधीच वही काढली, कारण पुन्हा कच खाईन अशी मला भीती होती. काकू म्हणाल्या, "आदी जेवा. काय ता मगे मोजा." तेव्हा जेवलो. तिसऱ्यांतला जीव शिंपल्यातून कसा काढायचा हे मला येईना, तेही काकूंनीच शिकवलं. मग हात धुऊन वही काकांसमोर उघडली आणि आकड्यांची ओळ बोटाने दाखवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. नकाशे काढलेला माणूस, आकड्यांशी भांडला नाही. म्हणाले, "माझी स्क्रीन गेली असणार. जुनी आहे."

मलाही तशीच आशा होती. निखिलला फोन केला. तो आपला लॅपटॉप घेऊन पाऊण तासात आला. त्याची स्क्रीन यंत्राने तपासलेली. तापमानाचा आकडा दिसतो तिथे मी कागदाची पट्टी चिकटवली. काकांनी तीन वेगवेगळ्या फाइली, आकडा न पाहता, केवळ डोळ्यांनी लावायच्या. तिन्ही फोटो भर दुपारच्या उन्हातले होते, जिथे आम्ही बाकीचे पंचावन्नशेच्या आसपास थांबतो. त्यांनी लावल्या. मी पट्टी काढली: चव्वेचाळीसशे, त्रेचाळीसशे पन्नास, चव्वेचाळीसशे.

"काका," मी म्हणालो, "तीन वेळा पन्नासच्या आत. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. स्क्रीन बदलली तरी आकडा तोच आला."

"म्हणजे डोळे," काका म्हणाले.

ओट्याशी उभ्या काकू एकदम वळल्या. "गेल्या दिवाळेक ह्येनी रंगाऱ्याक दोनदा परत बोलावल्यानी. तेना पांढरोच लावल्यान. ह्येंका पिवळो दिसलो! म्हणजे त्या रंगाऱ्याचो दोष नाय होतो तर."

काकांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवून ओट्यामागच्या पांढऱ्या लाद्या पाहिल्या. मग डाव्यावर ठेवून पाहिल्या. पुन्हा उजव्यावर. "डावा जास्त पिवळा," ते शांतपणे म्हणाले. पिवळं दिसणारा माणूस ते पिवळं काढायला निळं घालत जातो, आणि त्याच्या नजरेला शेवटी फोटो बरोबर दिसतो. प्रत्येक महिन्याला बरोबरच दिसत गेला.

दोन वाजून गेले होते. काका म्हणाले, "प्रदर्शन रद्द करा. सभागृहाला मी कळवतो."

निखिल मान खाली घालून म्हणाला, "काका, सॉरी. मीच शैली शैली करत होतो."

"तू कशाला सॉरी? मलाही आवडत होतं ते ऐकायला."

तेवढ्यात दारात हेमाताई उभ्या. निखिलने वाटेत त्यांना फोन केला होता, एवढंच सांगितलं होतं की काकांचे रंग का चुकतायत ते बघतोय. त्यांच्या हातात पिशवी होती. त्यांनी ती ओट्यावर रिकामी केली: हातभर सुरमई. कल्ला उघडून धरला.

"हे बगा. हा रंग. आता तुमी बसा खुर्चीवर, मी बसते बाजूला. तुमी उजेड बगा, रंग मी सांगते."

"सकाळी मी जे बोललो—"

"ते नंतर. पाचला फायली द्यायच्या ना?"

काका खुर्चीवर बसले. मी म्हणालो, वेळ कमी आहे, सगळ्या फोटोंना सरसकट अकराशे वाढवून टाकू. केलंही. पडद्यावर पिवळ्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं शहर आलं. हेमाताई हसायला लागल्या. "मोजणीसाहेब, सगळ्यांच्या अंगाला एकच झबलं?" चूक माझी होती. चोवीस फोटो तीन वर्षांत तयार केलेले, जुन्यांत फरक थोडा, नव्यांत जास्त. एकेक फोटो वेगळा घ्यायला हवा होता. मी हिशेब केला: दर फोटोला सहा मिनिटं, एकशे चव्वेचाळीस मिनिटं, आता दोन वीस. पावणेपाचला संपेल.

मग जे काम झालं, तसं मी कुठल्या कचेरीत पाहिलेलं नाही. निखिलच्या लॅपटॉपवर काका, शेजारी हेमाताई. मासळीचा, कातडीचा, विटेचा रंग हेमाताई सांगणार. साड्या, हळद, पितळ काकू सांगणार, ओट्यावरून मान वळवून: "ती साडी माझीच आसा, रामा कलर, एवढी निळी खंय?" मी आकडे उतरवणार, घड्याळ बघणार. आणि प्रकाश, सावली, काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं, ते फक्त काका. त्यात कोणी बोट घातलं नाही. कल्ले लाल झाले तेव्हा हेमाताईंनी हातातली सुरमई पडद्याशेजारी धरली आणि म्हणाल्या, "आता विकेन."

तेवीस फोटो झाले. चोविसावा चिंचपोकळीच्या पुलावरून काढलेला, सकाळच्या धुक्यातली कारखान्याची चिमणी. याच वर्षी तयार केलेला, सगळ्यांत निळा. काकांनी माउसवरचा हात उचलला.

"हा राहू दे तसाच."

"काका, हाच सगळ्यांत चुकलाय," मी म्हणालो.

"म्हणूनच."

मी वाद घातला, दहा मिनिटं घालवली. हेमाताई म्हणाल्या, "सोडा ना साहेब, यात मासळी नाय." पाचला सात मिनिटं कमी असताना निखिल फाइली घेऊन जिना उतरला; छापणारा खालच्याच गल्लीत होता.

रविवारी मी शीव कोळीवाड्यात हेमाताईंच्या घरी जेवलो आणि माटुंग्याच्या बाजारात तास दीड तास हिंडलो. एकशे बारा फोटो काढले. बरे आले चार.

सोमवार, गिरगाव

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा आधी करू. काकांनी तारीख घेतली आणि तिथून सरळ गिरगावात आले. आम्ही चौघांनी दुपारी फोटो टांगले. मी मोजपट्टी आणली होती. दोन चौकटींत नऊ इंच, चौकटीचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, पाच फुटांवर. या एका बाबतीत सगळ्यांनी माझं निमूट ऐकलं.

संध्याकाळी लोक आले. आमच्या गावात प्रदर्शनाला आधी हार, मग भाषणं, मग पुन्हा हार. इथे काकूंनी दारात प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "जावा, बघा." बाजारातल्या सात जणी हेमाताईंबरोबर आल्या होत्या. दाराशीच त्या सगळ्या थांबल्या, सुरमईकडे बोटं करून आपसात बोलल्या, आणि त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "ताजी हाय गं!" काका पाठमोरे उभे होते. वळले नाहीत, पण ऐकलं.

चिंचपोकळीच्या निळ्या फोटोखाली त्यांनी आपल्या नकाशाच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'हा फोटो केला तेव्हा माझ्या डोळ्यांना हा रंग बरोबर दिसत होता.' मी वाद घातला होता त्याची मला लाज वाटली. लोक बाकीच्या फोटोंसमोर बोलत होते, यासमोर आले की चिठ्ठी वाचायला वाकत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

काका माझ्याजवळ आले. "मोजणीसाहेब, खरं सांगा. किती निळा आहे?"

"अकराशे."

"बरं," ते म्हणाले. "बघू."

मी कऱ्हाडला परतलो. दीड महिन्यानंतर काकांचा फोन आला. डावा डोळा झाला, उजवाही झाला. घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी भिंत पाहिली आणि रंगाऱ्याला फोन करून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी चिंचपोकळीची कच्ची फाइल उघडली आणि नव्या डोळ्यांनी, पट्टी लावून, तापमान लावलं.

"तुमचा आकडा चुकला," ते म्हणाले. "अकराशे नाही, साडेतेराशे."

मी म्हणालो, तपासलेल्या स्क्रीनवर पाहिला का? निखिलच्याच लॅपटॉपवर पाहिला होता. दोनदा. निखिलला आणि हेमाताईंनाही दाखवला; त्यांनीही तोच सांगितला. मग मी त्यांच्याकडून तीच कच्ची फाइल मागवली आणि फोन चालू ठेवूनच माझ्या संगणकावर लावून पाहिली. मला अकराशेच बरोबर दिसत होता. काकांना तसं सांगितलं आणि म्हटलं, माझी स्क्रीन एकदा तपासून घ्यायला हवी.

मग काका अगदी मायेने म्हणाले, "स्क्रीन राहू दे, मोजणीसाहेब. डोळे दाखवून या."

गुरुवारची वेळ घेतली आहे.